त्याच्या जागी दुसरा कोण?

१९ डिसेंबर २०२३ रोजी दुबईत आयपीएलचा लिलाव झाला. दुसऱ्या दिवशीचे मथळे ऑस्ट्रेलियाच्या मिचेल स्टार्कने व्यापले, कारण कोलकाता नाईट रायडर्सने त्याच्यासाठी २४ कोटी ७५ लाख मोजले होते. नागपूरकरांच्या दृष्टीने मात्र त्या दिवसाचा आकडा वेगळाच होता: ५ कोटी ८० लाख. हीच किंमत विदर्भाच्या दोन खेळाडूंना मिळाली.

पहिला उमेश यादव, वय ३६. वडील वलनीच्या कोळसा खाणीत कामाला, घर खापरखेड्याकडचं. विदर्भाकडून खेळत कसोटी टोपी मिळवणारा हा पहिला खेळाडू. तोवर त्याच्या नावावर आयपीएलचे १४१ सामने आणि १३६ बळी होते. त्याला गुजरात टायटन्सने घेतलं. दुसरा शुभम दुबे, वय २९, आयपीएलचा एकही सामना न खेळलेला डावखुरा फलंदाज. वडिलांनी नागपुरात पानटपरी चालवून घर सांभाळलं. त्याची मूळ किंमत २० लाख होती. दिल्ली आणि राजस्थान यांच्यात चढाओढ लागली, बोली २९ पट वर गेली आणि राजस्थान रॉयल्सने त्याला नेलं.

एकाची पंधरा वर्षांची वही उघडी होती, दुसऱ्याची जवळपास कोरी. तरी भाव सारखा. वर्षभराने जेद्दाच्या मोठ्या लिलावात उमेशला कुणीही घेतलं नाही आणि शुभमला राजस्थाननेच पुन्हा घेतलं, पण ८० लाखांत. मधल्या हंगामात उमेशने ७ सामन्यांत ८ बळी घेतले होते, शुभमला मोजकेच सामने मिळाले होते. त्या दोन खेळाडूंचं कौशल्य एका वर्षात असं कोसळलं, असं क्रिकेट समजणारा कोणी म्हणणार नाही. मग कोसळलं काय?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर खेळाडूकडे एकट्याने बघून चालत नाही. लिलावात विकला जाणारा माणूस मैदानावर काय करतो हा अर्धा हिशेब झाला. तो मिळाला नाही तर त्याच्या जागी कोण मिळेल आणि तो किती स्वस्तात मिळेल, हा उरलेला अर्धा. भाव ठरतो तो या दोहोंतल्या फरकावर.

नागपूरलगतच्या वाडीत हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. अमरावती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रान्सपोर्टची कार्यालयं आणि गोदामं आहेत. संत्र्याचा हंगाम आला, गाड्या बाहेर गेल्या की उभ्या राहिलेल्या एका ट्रकचं भाडं चढतं. ट्रक तोच, इंजिन तेच, ड्रायव्हरही तोच. फक्त नाक्यावर दुसरा ट्रक नसतो.

हा विचार खेळाडूंच्या बाबतीत पद्धतशीरपणे केला तो अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांनी. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने मित्रांना जमवून एक खेळ सुरू केला. ज्या रेस्टॉरंटमध्ये ही मंडळी जेवायला जमत, त्याच्या नावावरून खेळाला ‘रोटिसरी’ म्हणू लागले. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ लिलावातून बांधायचा आणि हंगामभर त्या खेळाडूंनी खरोखर केलेल्या कामगिरीवर गुण मोजायचे. पुढे त्याचं रूढ झालेलं गणित असं: प्रत्येकाकडे २६० डॉलर आणि भरायच्या जागा २३. फँटसी खेळांच्या आजच्या जगाचा मोठा भाग या जेवणाच्या टेबलावरून निघाला.

या खेळात पैसे मर्यादित आणि जागा ठरलेल्या. इतके फलंदाज, इतके पिचर, इतके कॅचर. पिचर म्हणजे आपला गोलंदाज आणि कॅचर म्हणजे यष्टिरक्षक समजा. फलंदाजाच्या मागे गुडघे मोडून बसणारा. या कामाने शरीर इतकं झिजतं की चांगली फलंदाजी करणारा कॅचर दुर्मीळ असतो. १९९७ साली लॉस एंजेलिस डॉजर्सच्या माइक पियाझाने ४० होमरन, म्हणजे आपले षटकारच म्हणा, मारले. त्याच वर्षी सिअ‍ॅटलच्या केन ग्रिफीने ५६ मारले. नुसते आकडे बघणारा ग्रिफीवर पैसे उधळेल. पण ग्रिफी मैदानाच्या बाहेरच्या भागात उभा राहणारा, आणि त्या जागेवर दणके मारणारे आणखी बरेच मिळतात. पियाझा हातचा गेला तर त्याच्या तोडीचा दुसरा कॅचर मिळत नाही. म्हणून जाणते लोक खेळाडूचे होमरन मोजून थांबत नसत. त्याच जागेवर कुणाच्याही हाती न लागलेला, एका डॉलरला मिळणारा खेळाडू किती मारेल ते ते आधी बघत आणि तेवढं वजा करत. उरेल तेवढ्याचेच पैसे.

हे गणित आपल्या मैदानावर करून बघू. हल्ली गावोगाव टेनिस बॉलच्या प्रीमिअर लीग होतात. एखाद्या हॉलमध्ये लिलाव असतो, संघमालकांना पैशाऐवजी गुण दिलेले असतात, प्रोजेक्टरवर पोरांचे फोटो येतात आणि माइकवाला ‘भाऊ, अजून पाचशे?’ विचारत राहतो. समजा संघ आठ आहेत. फटकेबाज भरपूर. त्यातला सर्वांत भारी सामन्याला ३० धावा काढतो, तर शेवटी कुणी न घेतलेला फटकेबाजही २४ काढतो. कीपर मात्र तीनच बरे आहेत. त्यातला पहिला १८ धावा काढतो. आणि ते तिघे गेल्यावर ज्याच्या हातात ग्लोव्हज द्यावे लागतात तो ५. फटकेबाज घेतला तर संघाला ६ धावांची भर. कीपर घेतला तर १३ धावांची, शिवाय सुटलेले बाय वाचतील ते वेगळेच. म्हणजे १८ धावा करणाऱ्या मुलावर ३० धावा करणाऱ्यापेक्षा दुप्पट बोली लावणं शहाणपणाचं. हॉलमध्ये घडतं उलटं. पहिल्या दहा मिनिटांत फटकेबाजांवर गुण संपतात, आणि शेवटी पाच संघमालक एकमेकांना विचारत बसतात की कीपिंग कोण करणार.

आता हेच मोठ्या मंचावर बघा आणि विदर्भाच्याच माणसाच्या बाबतीत. जितेश शर्मा अमरावतीचा. २०१६ आणि २०१७ साली तो मुंबई इंडियन्सच्या ताफ्यात होता, एकही सामना न खेळता. २०२२ मध्ये पंजाब किंग्जने त्याला २० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं. पहिल्या दोन हंगामांत त्याने पाचव्या-सहाव्या क्रमांकावर येऊन १५० च्या वर स्ट्राइक रेट राखला. तिसरा हंगाम, २०२४ चा, फिका गेला: १८७ धावा आणि स्ट्राइक रेट १३१ च्या आसपास. आकडे घसरलेले असताना तो जेद्दाच्या लिलावात उतरला आणि रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने त्याला ११ कोटींना घेतलं.

घसरत्या आकड्यांना ११ कोटी कसे? आयपीएलच्या नियमात अंतिम अकरांत परदेशी खेळाडू चारच. सात भारतीय हवेतच. भारतीय यष्टिरक्षक बहुतेक सलामीला किंवा तिसऱ्या क्रमांकाला खेळतात, कारण नाव तिथे होतं. सोळाव्या षटकात येऊन पहिल्या चेंडूपासून मारू शकेल असा भारतीय यष्टिरक्षक सगळ्या देशात शोधला तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. तो मिळाला की परदेशी खेळाडूची एक जागा गोलंदाजासाठी मोकळी होते. बंगळुरूने पैसे मोजले ते या मोकळ्या झालेल्या जागेचेही. पंजाबने ‘राइट टू मॅच’चा, म्हणजे लागलेल्या बोलीइतके पैसे देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याचा, हक्क वापरून त्याला परत मागितलं होतं, तेव्हा बंगळुरूने ७ कोटींवरून थेट ११ वर उडी मारली आणि पंजाबने हात मागे घेतला. एका दमात ४ कोटी वाढवणारा माणूस त्या क्षणी जितेशचं मोल मोजत नसतो. जितेश गेला तर यादीत खाली कोण उरलं आहे, हे त्याला दिसत असतं.

या सौद्याची परीक्षा २७ मे २०२५ च्या रात्री लखनौमध्ये झाली. त्या सामन्यात समोर होता आयपीएलच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत महाग खेळाडू, लखनौचा कर्णधार ऋषभ पंत, २७ कोटींचा. पंतने त्या रात्री नाबाद ११८ ठोकल्या आणि लखनौ २२७ वर पोहोचलं. पाठलागात विराट कोहली बाद झाला तेव्हा बंगळुरू ४ बाद १२३, आणि बाराव्या षटकाचे दोनच चेंडू पडले होते. तिथे जितेश आला. त्या सामन्यात कर्णधारही तोच. अर्धशतकाच्या तोंडावर तो झेल देऊन परतायला निघाला होता, पण चेंडू नो-बॉल ठरला. पुढे तो नॉन-स्ट्रायकरला असताना गोलंदाजाने त्याच्या बाजूच्या यष्ट्या उडवल्या, तेव्हा पंतने अपील मागे घेतलं. ३३ चेंडूंत नाबाद ८५. मयंक अगरवालबरोबर १०७ धावांची अभंग भागी आणि आठ चेंडू राखून विजय. त्या विजयाने बंगळुरू पहिल्या दोनांत गेलं आणि आठवडाभरात, ३ जूनला, अहमदाबादेत पहिल्यांदा विजेतं झालं. अंतिम सामन्यात जितेशच्या १० चेंडूंत २४ धावा होत्या आणि बंगळुरू जिंकलं ६ धावांनी.

पंतचं त्या हंगामात काय झालं? एकूण २६९ धावा. त्यातून त्या रात्रीच्या ११८ काढल्या तर बाकी सगळ्या हंगामाच्या १५१ उरतात. लखनौकडे १२० कोटी होते आणि संघ जास्तीत जास्त २५ जणांचा. सरासरी एका माणसाला ४ कोटी ८० लाख. एकावर २७ कोटी गेले की बाकी चोवीस जणांसाठी सरासरी ३ कोटी ९० लाखांच्या आत येते. पंत मोठा खेळाडू आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण संघाने एकाच माणसाच्या एका हंगामावर थैलीतला जवळपास चौथा हिस्सा टेकवला होता. हंगाम गेला तर दुसरीकडून भरून काढायला काही उरत नाही. जोखीम म्हणतात ती ही.

त्याच लखनौने आणखी ११ कोटी खर्च केले होते, मयंक यादवला राखण्यासाठी. २०२४ मध्ये या पोराने ताशी १५६ किलोमीटरच्या वर वेग नोंदवला, ७ बळी घेतले, आणि चार सामन्यांत दुखापतीने बाहेर गेला. चार सामन्यांच्या ओळखीवर ११ कोटी. २०२५ मध्ये तो दोनच सामने खेळू शकला. जितेशचे ११ कोटी आणि मयंकचे ११ कोटी कागदावर सारखे दिसतात. जितेश हंगामभर उपलब्ध राहिला. खेळाडू किती चांगला आहे याला तो किती सामन्यांत उभा राहील याने गुणायचं असतं, आणि हा दुसरा आकडा लिलावात कुणाच्या तोंडी नसतो.

वेगवान गोलंदाजांच्या बाबतीत तर तो आधी विचारावा. बेसबॉलमध्येही हाच अनुभव आहे. तिथे पिचरचं कोपर निकामी होणं इतकं नेहमीचं की १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी ज्याच्यावर पहिली अस्थिबंध-शस्त्रक्रिया केली, त्या टॉमी जॉन या पिचरच्याच नावाने ती ओळखली जाते. ती झाली की वर्ष-दीड वर्ष जातं. म्हणून फँटसी बेसबॉलचे मुरलेले खेळाडू पिचरवर मोठा पैसा लावताना हात आखडता घेतात. तेवढ्याच गुणवत्तेच्या फलंदाजाला जास्त देतात. आपल्याकडे मुंबई इंडियन्सने २०२२ च्या लिलावात जोफ्रा आर्चरला ८ कोटींना घेतलं, तेही तो त्या हंगामात खेळणार नाही हे माहीत असताना. पुढच्या हंगामात तो ५ सामने खेळला, २ बळी मिळाले आणि घरी गेला. हा जाणूनबुजून लावलेला डाव होता, त्यात फसवणूक कुणाची नव्हती. तो फसला.

जोखमीचा दुसरा प्रकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. थोड्या सामन्यांवरून मोठा निष्कर्ष काढणं. शुभम दुबेची बोली ज्यावर चढली ती २०२३ ची सय्यद मुश्ताक अली स्पर्धा होती. सात डाव, २२२ धावा, स्ट्राइक रेट १८५ च्या वर. बंगालविरुद्ध २१३ चा पाठलाग करताना त्याने २० चेंडूंत नाबाद ५८ मारल्या. खेळी अस्सल होती. पण सात डाव म्हणजे किती? टी-ट्वेंटीत खालच्या क्रमांकाचा फलंदाज सात डावांत शे-सव्वाशे चेंडू खेळतो. त्यातले दोन झेल सुटले, एखादं मैदान लहान निघालं, एक गोलंदाज नवखा असला की स्ट्राइक रेट वीस-पंचवीसने हलतो. ऐंशी डाव पाहिले तर हे योगायोग एकमेकांना खाऊन टाकतात. सातांत ते सगळे एकाच बाजूला पडू शकतात. अशा खेळाडूचा अंदाज करताना त्याची चमकदार आकडेवारी आणि त्या जागेवरच्या सर्वसाधारण खेळाडूची आकडेवारी यांच्या मध्ये कुठेतरी थांबावं लागतं. डाव जितके कमी, तितकं सर्वसाधारणाच्या जवळ. राजस्थानने २०२३ मध्ये पूर्ण चमकीचे पैसे मोजले. पुढच्या वर्षीचे ८० लाख मला खऱ्या अंदाजाच्या जास्त जवळचे वाटतात. शुभम त्या वर्षात वाईट खेळाडू झाला नव्हता.

याची उलट बाजू करुण नायरने दाखवली. कर्नाटक सोडून तो विदर्भाकडून खेळू लागला होता. २४ नोव्हेंबर २०२४ ला दिल्ली कॅपिटल्सने त्याला ५० लाखांत घेतलं. त्यानंतर महिन्याभराने विजय हजारे स्पर्धा सुरू झाली आणि त्याने ७७९ धावा केल्या, पाच शतकं. अंतिम सामन्याआधी तो स्पर्धेत एकदाच बाद झाला होता, म्हणून सरासरी ७५२ दिसत होती. शेवटी ती ३८९.५ वर थांबली. लिलाव फेब्रुवारीत असता तर ५० लाखांचे किती कोटी झाले असते? पण तेही चढ्या भावात घेणं झालं असतं. १३ एप्रिल २०२५ ला मुंबईविरुद्ध त्याने ४० चेंडूंत ८९ केल्या, देशभर त्याचं नाव झालं, आणि आठ सामन्यांचा त्याचा हंगाम १९८ धावांवर संपला. पन्नास लाखांना हा सौदा उत्तम. दहा कोटींना तोच माणूस, त्याच १९८ धावा घेऊन, फसलेला म्हणून हिणवला गेला असता.

विदर्भाच्या त्याच हंगामातलं सर्वांत बोलकं उदाहरण मात्र हर्ष दुबेचं. डावखुरा फिरकीपटू. २०२४-२५ च्या रणजीत ६९ बळी, एका हंगामातला सर्वकालिक विक्रम. २ मार्च २०२५ ला नागपूरच्या जामठा मैदानावर विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी जिंकली, त्यात त्याचा वाटा मोठा. आणि आयपीएल? हंगामाच्या शेवटी, मे महिन्यात, सनरायझर्स हैदराबादने दुसऱ्या एका खेळाडूच्या जागी त्याला ३० लाखांत बोलावलं. चार दिवस टप्पा धरून फलंदाजाला थकवणाऱ्या फिरकीला चार षटकांच्या खेळात जागा ठरलेली नाही. त्याची किंमत ज्या बाजारात मोठी, तिथे लिलाव होत नाही. मला हे बोचतं, आणि बोचायलाच हवं. पण बाजार असाच चालतो.

आता बोलीच्या स्वभावाकडे वळू. चढत्या लिलावात खेळाडू जातो तो त्याच्याबद्दल सर्वांत आशावादी असलेल्याकडे. दहा संघ एकाच खेळाडूचा अंदाज बांधतात. कुणाचा कमी, कुणाचा जास्त. सगळ्यांची सरासरी बहुधा सत्याच्या जवळ असते, पण जिंकतो सरासरीवाला नव्हे, सर्वांत वरचा अंदाज करणारा. म्हणजे जिंकणं हीच चूक झाल्याची खूण असू शकते. १९७१ साली अमेरिकेतल्या तीन पेट्रोलियम अभियंत्यांनी समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावांबद्दल हे दाखवून दिलं, आणि त्याला ‘विजेत्याचा शाप’ हे नाव पडलं. उपाय त्यांनीच सांगितला होता: स्पर्धक जितके जास्त, तितकी आपली कमाल बोली आधीच खाली आणा. लिलावाच्या खोलीत याच्या नेमकं उलट वाटतं. सगळेच मागताहेत म्हणजे माल चांगला असणार!

स्टार्कच्या २४ कोटी ७५ लाखांमागे गुजरातची बोली होती, अवघी एक पायरी खाली. हंगामाच्या पहिल्या महिन्यात त्याची धुलाई झाली तेव्हा हा शापच आठवत होता. पण मग पहिल्या पात्रता सामन्यात हैदराबादविरुद्ध ३ बळी आणि अंतिम सामन्यात १४ धावांत २ बळी. कोलकाता विजेतं आणि तो सामनावीर. म्हणून सौदा योग्य होता का? माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला ठरत नाही. तोच निर्णय दहा वेळा घेतला तर किती वेळा निभावेल, हा प्रश्न आहे, आणि षटकामागे दहाच्या वर धावा देणाऱ्या गोलंदाजासाठी ते प्रमाण फार नसावं.

चांगल्या निर्णयाचा नमुना मला २३ डिसेंबर २०२२ च्या कोचीच्या लिलावात दिसतो, आणि तो ज्या संघाने केला त्यानेच त्याच दिवशी एक फसलेला सौदाही केला. चेन्नई सुपर किंग्जने बेन स्टोक्सला १६ कोटी २५ लाखांना घेतलं. तो दोन सामने खेळला, १५ धावा केल्या, पाय दुखावला. त्याच चेन्नईने डोंबिवलीकर अजिंक्य रहाणेला मूळ किमतीत, ५० लाखांत उचललं, जेव्हा बाकी सगळ्यांनी त्याला कसोटीचा माणूस ठरवून सोडून दिलं होतं. ८ एप्रिल २०२३ ला वानखेडेवर स्टोक्स नव्हता, मोईन अलीही नव्हता, म्हणून रहाणेला ऐनवेळी खेळवलं. २७ चेंडूंत ६१. पुढे ईडनवर २९ चेंडूंत नाबाद ७१. हंगामात ३२६ धावा, १७२ चा स्ट्राइक रेट, आणि चेन्नई विजेतं. पन्नास लाखांचा माणूस फसला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. चालला तर हंगाम फिरतो. तोटा ठरलेला, फायद्याला वरची मर्यादा नाही. लिलावाच्या शेवटच्या तासात, थैल्या रिकाम्या आणि डोळे पेंगुळलेले असताना असे सौदे मिळतात. ज्याच्याकडे तेव्हा थोडे पैसे आणि स्वतःची यादी शिल्लक असते, त्यालाच ते घेता येतात.

उमेशच्या बाबतीतही हे घडलं आहे. २०२२ च्या लिलावात पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा त्याच्यासाठी हात वर गेला नाही. नंतर कोलकात्याने त्याला मूळ किमतीत, २ कोटींना घेतलं. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, वानखेडेवर चेन्नईविरुद्ध, २० धावांत २ बळी आणि सामनावीर. तिसऱ्या सामन्यात पंजाबविरुद्ध २३ धावांत ४. हंगामअखेर १६ बळी. नव्या चेंडूवर पॉवरप्लेत बळी घेणारा भारतीय वेगवान गोलंदाज २ कोटींत मिळणं म्हणजे लॉटरी. दोन वर्षांनी तोच माणूस ५ कोटी ८० लाखांना महाग पडला, कारण दोन वर्षं वय वाढलं होतं आणि मध्ये दुखापत झाली होती.

या सगळ्याची घरगुती आवृत्ती म्हणजे मोबाइलवरची फँटसी क्रिकेट. मुंबईत हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ साली ड्रीम इलेव्हन सुरू केली. तिथे १०० क्रेडिटमध्ये अकरा खेळाडू बसवायचे, कर्णधाराचे गुण दुप्पट, उपकर्णधाराचे दीडपट. हिशेब वर सांगितला तोच. पण त्यात पैसे लावले की समोर हजारो जण असत आणि कंपनी प्रत्येक डावातून आपला वाटा काढत असे, तेव्हा बरा हिशेब जमणारासुद्धा बहुधा हरत असे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि ड्रीम इलेव्हननेही पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. वाडीतल्या, एमआयडीसीतल्या किती पोरांचे पगार त्यात जात होते हे आजूबाजूला पाहिलेल्या माणसाला या बंदीचं वाईट वाटणार नाही. मित्रांनी वहीवर गुण मांडून खेळायला कुणाची आडकाठी नाही, आणि डोकं चालवण्याची मजा त्यात तेवढीच आहे.

शेवटी एक विनंती, टेनिस बॉलच्या लीग भरवणाऱ्या आयोजकांना. तुमच्या हॉलमध्येही भाव ठरतो तो त्या रात्री किती कीपर आले, किती फटकेबाज आले, कुणाकडे किती गुण उरले यावर. ज्याला बोली लागली नाही तो पोरगा खेळाडू म्हणून कमी आहे, असं त्यातून निघत नाही. हर्ष दुबेला ६९ बळी घेऊनही वाट पाहावी लागली. म्हणून न विकल्या गेलेल्यांची यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. नोंदणी घेतानाच संघांची संख्या आणि प्रत्येक संघातल्या जागा अशा ठेवा की फी भरलेला प्रत्येक जण कुठल्या तरी संघात बसेल. उरलेली नावं चिठ्ठ्या टाकून वाटा, आणि साखळीतल्या एका तरी सामन्यात त्या प्रत्येकाला उतरवणं संघमालकांना सक्तीचं करा.